सासरचे पाटे, माहेरचे शॉकअप

पाटेवाल्यांच्या दुकानाची एक रीत होती. ट्रकच्या, पिकअपच्या मागच्या चाकांवर वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची जी चळत असते तिला पाटे म्हणतात, आणि गाडीतलं सगळं ओझं शेवटी त्या पाट्यांच्याच डोक्यावर येतं. तर दुकानात गाडी जितक्या पाट्यांवर आली त्याहून कमी पाट्यांवर ती परत जायची नाही, ही ती रीत. एखादा वाढला तर सोन्याहून पिवळं. रीत घातली सासऱ्यांच्या वडिलांनी, पण पाळली सासऱ्यांनी, आणि ती काही नुसती दुकानात नाही. घरातली खुर्ची सरकवायला दोन माणसं लागत, कारण तिला त्यांनी खालून लोखंडी पट्टी मारली होती. मोरीतल्या स्टुलावर हत्ती उभा राहिला असता. "मोडता कामा नये," एवढंच त्यांचं म्हणणं असे, आणि त्यांच्या हातचं आजवर काही मोडलं नव्हतं हेही खरं.

अशा घरात सून आली ती शॉकअपवाल्यांची. खड्ड्यात चाक गेलं की पाटे दबतात आणि मग उसळतात; ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं. पाटे म्हणजे उनाड पोर आणि शॉकअप म्हणजे त्याचा दंड धरून चालणारी आई, असं सूनबाईचे वडील सांगायचे. तिचं बालपण शॉकअपमधल्या तेलाच्या वासात गेलेलं. उभ्या गाडीची शेपूट हाताने एकदा दाबली की कुठल्या बाजूचा शॉकअप मेलाय ते ती सांगे. नवरा ट्रेलर घेऊन महिना महिना बाहेर असायचा, त्यामुळे घरात तिची खरी गट्टी जमली ती सासूबाईंशी.

आणि सासूबाई म्हणजे काय सांगावं! दुकानाची जुनी पिकअप घेऊन त्या दगडाच्या खाणींमधून पाटे पोचवत, आणि जिथे रस्ता संपे तिथून त्यांचा वेग वाढे. शहराबाहेरच्या माळावर दर वर्षी पिकअपची शर्यत होई. सकाळी सुरुवात, मध्ये एक थांबा, दुपारी शेवट. वाटेत कोरडी नदी, दगडगोटे, काटेरी झुडपं, नाले. सासूबाई दर वर्षी भाग घेत आणि दर वर्षी हरत, आणि त्याही आपल्या सख्ख्या धाकट्या भावाकडून, ज्याला स्टिअरिंग कसं धरायचं हे त्यांनीच शिकवलं होतं. या भावाला सगळं जग मामा म्हणे. माणूस मनाचा साफ, पण जिभेला हाड नाही. शर्यतीच्या आधी न चुकता येऊन विचारायचा, "ताई, तोंडाला बांधायला फडकं आणलंस ना? माझी धूळ फार बारीक असते हं."

तेही एक वेळ चाललं असतं. पण शर्यतवाल्यांचा नियम असा की साठी उलटलेल्या माणसाला गाडी चालवू देत नाहीत, आणि सासूबाईंना या थंडीत साठ वर्षं पूर्ण होणार होती.

"यंदा नाही तर कधीच नाही," भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या. "आणि मला नुसतं जिंकायचं नाही. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पुढे जायचंय."

"मग आई, तळपाटा काढावा लागेल," सूनबाई म्हणाली.

पलीकडे सासरे चहा पीत होते. कप ओठांपाशीच थांबला. "काय काढावा लागेल?"

तळपाटा म्हणजे चळतीतला सगळ्यात खालचा, जाडजूड, सरळ पाटा. गाडी ठासून भरली की वरचे पाटे दबून त्याच्यावर टेकतात आणि तो सगळा भार खांद्यावर घेतो. भरल्या गाडीचा आधारच तो. सासऱ्यांचा तर जीव होता त्याच्यावर. त्यांच्या समोर तळपाटा काढायचं नाव काढणं म्हणजे पुजाऱ्याला देव हलवा म्हणण्यातला प्रकार.

"बाबा, शर्यतीत गाडी रिकामी असते," सूनबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "रिकामी गाडी वेगात खड्ड्यात गेली की पाटे दबून त्या जाड्यावर आपटतात आणि तो गाडीला मागून लाथ घालतो. शेपूट वर, नाक खाली. मग आईंना ब्रेकवर पाय न्यावाच लागतो. मामा जिंकतात ते तेवढ्यात."

"आमच्या दुकानातून एक पाटा कमी होऊन गाडी जाणार नाही."

"कमी कुठे? वाढवायचेत. आत्ता तळपाटा धरून चार आहेत ना? आपण सहा घालू. पातळ आणि लांब. म्हणजे ते दाबाखाली वाकतील, पण एकावर एक मिळून भारही घेतील."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. चारचे सहा. रीत मोडत तर नव्हती. "वाढणार असतील तर बोल," ते म्हणाले, आणि सासूबाईंनी भाजीकडे बघत हसू दाबलं.

मग दुकानात काय काम झालं म्हणता! सासऱ्यांनी पोलादाच्या पातळ पट्ट्या भट्टीत लाल केल्या, टोकं ठोकून निमुळती केली, कमान दिली, तेलात विझवल्या आणि पुन्हा मंद आचेवर धरून पाणी उतरवलं, म्हणजे लवचीकपणा येतो. इतका पातळ पाटा त्यांनी कधी केला नव्हता. दोन टोकांना धरून गुडघ्यावर वाकवून बघत आणि तो परत सरळ झाला की पुटपुटत, "बरा आहे. नाजूक आहे, पण बरा आहे." पाट्यांनी एकमेकांवर सहज सरकावं म्हणून सूनबाईने मधे गुळगुळीत प्लॅस्टिकच्या चकत्या बसवल्या. माहेरून शॉकअप आले, हाताच्या कोपराएवढे जाड, तेलाची वेगळी डबी नळीने जोडलेले, म्हणजे तासभर आपटून घेतलं तरी तेल उकळायचं नाही. वडिलांनी स्वतः पोचवले आणि व्याह्यांना म्हणाले, "तुमची पोरं उनाड झाली तरी आमच्या आया खमक्या आहेत." सासऱ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, उनाड हा शब्द त्यांनी कौतुकाचा समजून घेतला. चाक खूप खाली लोंबू नये म्हणून ॲक्सलला जाड पट्टा, खूप वर येऊ नये म्हणून रबराचे ठोकळे, ब्रेकची नळी आधीपेक्षा लांब, आणि सगळं एकत्र आवळून धरणारे नवे आखूड यू-बोल्ट.

गाडी पहिल्यांदा माळावर नेली तेव्हा सासरे झाडाखाली उभे होते. सासूबाईंनी एक मोठा खड्डा मुद्दाम न टाळता घेतला. सासऱ्यांना दिसलं ते असं: मागचं चाक थेट हौद्याच्या बुडाला भिडायला आलं, पाटे उलटे वाकले, आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी पुढे गेली. सासूबाई उतरल्या त्या हसतच. "अहो, कळलंसुद्धा नाही! गादीवर बसल्यासारखं!" सूनबाई टाळ्या पिटत होती. सासरे मात्र चाकाजवळ उकिडवे बसले आणि पाट्यांवरून बोट फिरवत राहिले. "उलटे वाकले," एवढंच म्हणाले. दोघींना वाटलं, कौतुक करतायत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चालकांची डॉक्टरी तपासणी आणि मार्ग पायी बघणं, यात सासू-सून दुपारभर बाहेर होत्या. सासरे म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी गाडी धुऊन ठेवतो." परत आल्या तर गाडी लख्ख, टायर पुसलेले, जादा चाकं हौद्यात बांधलेली. सूनबाईने शॉकअपच्या नळ्या तेवढ्या चाचपून पाहिल्या. खाली वाकली नाही. घरच्या माणसाने धुतलेल्या गाडीखाली कोण वाकतं?

सकाळी माळावर पंचवीस-तीस गाड्या एका लांब ओळीत उभ्या होत्या. चालक आणि शेजारी वाट सांगणारा एक, असे दोघे गाडीत, आणि थांब्यावर मदतीला एकच माणूस. पाटेवाल्यांकडून सासूबाई, सूनबाई आणि थांब्यावर सासरे. मामा आलेच फडकं हलवत.

"ताई, शेवटची वारी म्हणे तुझी. या वर्षी जाड धूळ उडवतो, गाळून घ्यायला सोपी."

"तू आरसा पुसून घे," सासूबाई म्हणाल्या. "त्यातच दिसणार आहे मी, मग दिसायचीही नाही."

झेंडा पडला. पहिला टप्पा बारीक लाटांचा होता, कपडे घासायच्या फळीसारखी जमीन. बाकीच्या गाड्या तिथे दात वाजवत चालल्या होत्या आणि सासूबाईंची गाडी त्यावरून तरंगत गेली. मामांची लाल गाडी पुढे, मग दोन गाड्या, मग या. सूनबाई ओरडून वाट सांगत होती, "डावीकडे दगड, पुढे मोकळं, पुढे मोकळं!" आणि मग पहिला खोल खड्डा आला.

धाड! मागून कुणी घण घातल्यासारखी शेपूट उडाली. सूनबाईचं हेल्मेट छताला लागलं, नाक खाली गेलं, सासूबाईंनी स्टिअरिंग कसंबसं सरळ केलं.

"काय झालं गं?"

"कळत नाही आई!"

पुढच्या खड्ड्यात तेच. त्याच्या पुढच्यातही. छोट्या खाचखळग्यात गाडी लोण्यासारखी, आणि मोठ्या खड्ड्यात लाथ. शॉकअप गेले, सूनबाईला वाटलं, माझ्या माहेरचे शॉकअप गेले, आणि आईंची शेवटची शर्यत त्यांनी बुडवली. सासूबाईंना प्रत्येक खोलगट जागी वेग कमी करावा लागत होता. एक एक करून गाड्या पुढे जात होत्या. प्रत्येक आपटीला सासूबाईंचा श्वास अडकलेला ऐकू येई.

थांब्यावर पोचल्या तेव्हा मामा येऊन बराच वेळ झाला होता. प्रत्येक गाडीला आल्यापासून अर्धा तास मिळे, त्यामुळे जो आधी आला तो आधी सुटणार. सासूबाई उतरल्या त्या कमरेवर हात ठेवून, आणि दगडावर बसल्या. "नऊ गाड्या आहेत पुढे," त्या म्हणाल्या, आणि सूनबाईने त्यांचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

ती धावत मागे गेली. दोन्ही शॉकअपला हात लावला. गरम, पण कोरडे. कुठे तेलाचा थेंब नाही. शेपूट दाबली तर दोन्ही बाजू एकसारख्या, शांतपणे वर आल्या. माहेरची लाज राहिली होती. मग दुखणं कुठे? ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली.

सहा पातळ पाटे दिसले. आणि त्यांच्या खाली, आपल्या जुन्या जागी, ताजा काळा रंग लावून सजवलेला, ऐटीत बसलेला तळपाटा.

तिने मान वळवली. सासऱ्यांचे बूट चार हातांवर होते. जवळ आले नव्हते, लांबही गेले नव्हते. चोराच्या मनात चांदणं.

"बाबा," ती खालूनच म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

एक बूट दुसऱ्यावर घासला.

"काय केलंय त्यांनी?" सासूबाई दगडावरून उठल्या.

"तळपाटा परत घातलाय, आई. दोन्हीकडे."

शेजारच्या गाडीवाले पान्याने काहीतरी ठोकत होते. मग सासूबाई नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कधी?"

"काल. तुम्ही बाहेर होतात तेव्हा." सासरे जमिनीकडे बघत होते. "पाटे उलटे वाकले होते अगं. मी डोळ्यांनी बघितलं. इतके पातळ. मोडले असते तर? तू आत बसलेली."

"शेवटची शर्यत आहे माझी."

"म्हणूनच. शेवटच्या शर्यतीत काही झालं असतं तर..."

"तुमचा माझ्या हातावर विश्वास नाही?"

"तुझ्या हातावर आहे," सासरे म्हणाले. "माझ्या हातच्या पातळ पाट्यांवर नाही. आयुष्यभर जाड केलेत मी."

सूनबाईला राग आला होता, खूप राग, डोळ्यांत पाणी येईल इतका. पण बोलल्या त्या सासूबाई. त्या अशा वेळी कधीच अडत नसत.

"तुमच्या हातचं आजवर काही मोडलंय?"

"नाही."

"मग हे बरं मोडेल! अहो, तुम्ही केलेले पाटे आहेत, कुणा ऐऱ्यागैऱ्याचे नाहीत. माझा विश्वास आहे त्यांच्यावर. काढा तो तळपाटा."

सासऱ्यांनी वर पाहिलं. मग खांद्यावरची पिशवी जमिनीवर ओतली. तिच्यातून कपड्यात गुंडाळलेले ते नवे आखूड यू-बोल्ट निघाले, चारच्या चार. तळपाटा घालताना जुने लांब बोल्ट लावावे लागले होते. हे नवे त्यांनी घरी ठेवले नव्हते, बरोबर आणले होते. सूनबाईने बोल्टांकडे पाहिलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"लागले तर असावेत म्हणून," ते ओशाळून म्हणाले. "रात्रभर झोप कुठे होती मला?"

आणि मग पाटेवाल्या घराण्याचा माणूस आपल्या आयुष्यात पहिल्यांदा गाडीतून पाटा कमी करायला गाडीखाली शिरला. काय हात होते ते! सूनबाईने जॅकवर गाडी उचलली, तोवर त्यांनी डावीकडचे नट सैल केलेही होते. चळत शिकंज्यात आवळली, मधला बोल्ट काढला, हातोडीचा एक टोला दिला आणि तळपाटा खणकन जमिनीवर. त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "उजवीकडे घे," ते म्हणाले. सून शिकंजा धरायची, सासरे बोल्ट फिरवायचे, पाना मागायच्या आधी हातात यायचा. शेजारच्या गाडीचे लोक आपलं काम सोडून बघत उभे राहिले. मामा तेवढ्यात आपली वेळ झाली म्हणून निघाले, जाता जाता खिडकीतून फडकं हलवत. सासूबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. पाणी पिऊन, कंबर ताणून त्या आत जाऊन बसल्या होत्या आणि पट्टा लावत होत्या.

शेवटचा नट आवळून सासरे बाहेर आले तेव्हा तोंड तेलाने काळं झालं होतं. खिडकीशी जाऊन ते म्हणाले, "अगं, खड्डे टाळू नकोस आता."

सासूबाईंनी नवऱ्याकडे अशी नजर टाकली की सूनबाईला पलीकडे बघावं लागलं. मग झेंडा पडला.

पहिलाच मोठा खड्डा आला तेव्हा सूनबाईने दात आवळले, डोळे मिटले. काहीच झालं नाही. पोट जरा खाली गेलं, जरा वर आलं, आणि गाडी पुढे. तिने डोळे उघडले तर सासूबाई हसत होत्या.

"पुढचा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"उजवीकडे, खोल आहे!"

"टाळायचा का?"

"बाबांनी सांगितलंय टाळू नका!"

मग त्यांनी एकही टाळला नाही. जिथे बाकीच्या गाड्या वळसा घालून, ब्रेक मारून, जीव मुठीत धरून उतरत होत्या, तिथून सासूबाई सरळ गेल्या. कोरड्या नदीत गोट्यांवरून मागची चाकं एखाद्या पेटीवाल्याच्या बोटांसारखी वरखाली नाचत होती आणि वर बसलेल्या दोघींच्या मांडीवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणीही सांडलं नसतं. एक गाडी मागे पडली. मग दोन एकदम. एका निळ्या गाडीचा चालक इतका आ वासून बघत राहिला की झुडपातच घुसला. सूनबाई मोजायचं विसरली. तिचा घसा बसला होता आणि ती तरी ओरडतच होती, "डावी मोकळी! जा आई, जा!"

शेवटच्या टप्प्याच्या तोंडाशी लाल गाडी दिसली. मामांनी गाडीला बाजारातलं सगळ्यात महागडं, सगळ्यात ताठ सामान घातलं होतं, आणि सपाटीवर ते वाऱ्यासारखे जात. पण शेवटचा टप्पा सपाट नव्हता. तिथे एकामागून एक मातीचे उंचवटे होते, गाडीच्या लांबीएवढे, आणि त्यांच्या शेवटी रुंद नाला. मामांची गाडी प्रत्येक उंचवट्यावर बकरीसारखी उड्या मारत होती. चाकं हवेत असली की जोर लावून उपयोग काय? सासूबाईंची चाकं जमीन सोडत नव्हती. अंतर कमी होत होत धूळ अंगावर यायला लागली, आणि ती खरंच फार बारीक होती.

"दिसत नाही काही," सासूबाई म्हणाल्या.

"उजवीकडून घ्या आई. उंचवटे जास्त आहेत, म्हणून तिकडे कुणी जात नाही."

"जास्त आहेत ना? मग बरंच आहे."

त्या उजवीकडे वळल्या आणि धुळीतून बाहेर पडल्या. आता दोन्ही गाड्या शेजारी शेजारी होत्या. मामांनी मान वळवली. बहीण दिसली. मामांनी डोळे चोळले, मग गाडी अजून दामटली, आणि गाडी अजूनच उडाली. नाला समोर आला. नाल्यात उतरायचं म्हणजे ब्रेक हवाच. मामांच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. सासूबाईंचा पाय जागचा हलला नाही.

गाडी काठावरून सुटली. एक क्षण सगळं शांत झालं, इंजिनाचा आवाजसुद्धा पोकळ वाटला, आणि सूनबाईला वाटलं, आता पाटे उलटे वाकणार. वाकलेच. पार वाकले, रबराच्या ठोकळ्यांना टेकले, शॉकअपनी त्यांचा दंड धरला, आणि सासऱ्यांच्या हातच्या सहा पातळ पाट्यांनी गाडी अलगद जमिनीवर ठेवली. पलीकडचा चढ चढून सासूबाई वर आल्या तेव्हा पुढे मोकळा माळ होता, शेवटची कमान होती, आणि मधे कुणीही नव्हतं.

"आई, पुढे कुणी नाही!"

"माहीत आहे गं! बघू दे ना मला जरा!"

कमानीखालून गेल्यावरही त्या थांबल्या नाहीत. आनंदाच्या भरात माळावर एक मोठी चक्कर मारून आल्या, आणि मगच इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून त्या रडल्या, उघड उघड, हुंदके देऊन, आणि रडता रडता म्हणत राहिल्या, "जिंकले गं मी. जिंकले." सूनबाईने त्यांना मिठी मारली. दोघींची हेल्मेटं एकमेकींवर खणखणून आपटली.

मामा आले ते फडक्याने तोंड पुसतच. फडकं लाल मातीने भरलं होतं. ते बहिणीसमोर उभे राहिले, फडकं खिशात कोंबलं. मग त्यांनी तिला कमरेत धरून चक्क उचललं. "ताई, अगं तू उडालीस! मी बघितलं! माझ्या पुढून उडालीस!" हरलेल्या माणसाला इतका आनंद झालेला कुणी पाहिला नसेल. शिकवलं कुणी होतं शेवटी?

सासरे मागाहून, थांब्यावरच्या कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आले. कोण जिंकलं ते त्यांना वाटेत कळलं होतं, तरी ते आधी कुणाशी बोलले नाहीत. सरळ गाडीखाली शिरले. दोघी आणि मामा वाट बघत उभे. बराच वेळ फक्त बूट दिसत होते. मग बाहेर येऊन, हात पुसत, ते म्हणाले, "एकालाही चीर नाही."

"दाजी," मामा म्हणाले, "माझ्या गाडीला पण असंच करून द्या."

"देतो की," सासरे गंभीरपणे म्हणाले. "तुला एक पाटा जास्तच घालून देतो. जाडसा."

मामा सोडून सगळे हसले. मामांना कळायला वेळ लागला. सासूबाई मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत हा माणूस प्रत्येक शर्यतीला आला होता, थांब्यावर उभा राहिला होता, आणि एकदाही वेगात त्यांच्या शेजारी बसला नव्हता. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

"घाबरला होतात ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "खूप."

"मग या. बसा शेजारी. घरी रस्त्याने नाही जायचं. माळावरून जाऊ, आले तसंच."

सासरे गाडीकडे बघत राहिले. मग दार उघडून आत बसले, सुनेने हेल्मेट पुढे केलं ते घातलं, पट्टा स्वतःच्या हाताने दोनदा ओढून पाहिला. सूनबाई मामांच्या गाडीत बसली. दोन्ही गाड्या पुन्हा माळावर निघाल्या, नाल्याकडे, उलट्या दिशेने. काठ जवळ आला. मामांच्या गाडीचे लाल दिवे लागले. पुढच्या गाडीचे लागले नाहीत.

ती गाडी काठावरून सुटली आणि पलीकडे उतरली. उतरल्यावर तिच्या उघड्या खिडकीतून ओरडण्याचा मोठा आवाज आला. "मामा, थांबा, बाबांना काहीतरी होतंय," सूनबाई म्हणाली, आणि मामांनी गाडी जवळ घेतली.

सासरे डॅशबोर्डवर दोन्ही हात आपटत होते. हेल्मेट एका बाजूला कललं होतं. ते मोठमोठ्याने हसत होते, आणि बायकोला म्हणत होते, "परत फिरव! अगं परत फिरव, पुन्हा एकदा जाऊ!"